गेममधलं दुःख: पात्र मेल्यावर खेळणाऱ्याच्या हातातून नेमकं काय जातं?

जॉयस्टिक_जोशी (धागाकर्ता)

'हमखास रडवणारे दहा गेम' छापाच्या याद्या उदंड झाल्या. त्यात कोण मेलं ते असतं, संगीत किती सुंदर होतं ते असतं. मरण खेळण्यात कसं उतरवलंय, म्हणजे बटणं, कॅमेरा, सेव्ह, आवाज यांतून, त्यावर मात्र कुणी फारसं लिहीत नाही. त्यासाठी हा धागा.

आधीच सांगतो, स्पॉयलर भरपूर आहेत. ब्रदर्स, फायनल फँटसी ७, लास्ट ऑफ असचे दोन्ही भाग, स्पिरिटफेअरर, क्लेअर ऑब्स्क्युर यांपैकी काही खेळायचं राहिलं असेल तर इथूनच परत फिरा.

सुरुवात 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स'पासून (२०१३, दिग्दर्शक जोसेफ फारेस). दोन भाऊ, एकच कंट्रोलर. डावी स्टिक आणि डावा ट्रिगर थोरल्याचा, उजवी स्टिक आणि उजवा ट्रिगर धाकट्याचा. पहिला अर्धा तास दोघं एकमेकांवर आपटत असतात, मग हात सरावतात. धाकट्याला पाण्याची भीती, कारण आई त्याच्यासमोर बुडालेली. त्यामुळे पाणी आलं की उजवा ट्रिगर दाबून त्यानं थोरल्याची पाठ धरायची आणि डाव्या स्टिकनं थोरल्यानं पोहायचं. हे गेममध्ये पुन्हा पुन्हा करावं लागतं.

शेवटाकडे थोरला मरतो. त्याला खड्ड्यात ओढून वर माती लोटायचं काम खेळणाऱ्यालाच करावं लागतं. त्यानंतर डावा अंगठा नुसता पडून राहतो. मग नदी येते. धाकटा काठाशी अडतो, उजवा ट्रिगर कितीही दाबा, पाण्यात उतरत नाही. तोडगा एकच: थोरल्याचा ट्रिगर दाबायचा. तो दाबला की धाकटा पोहायला लागतो. संवाद एकही नाही. तशीही या गेममध्ये बोलली जाते ती बनवलेली भाषा.

माझं म्हणणं असं: गेममध्ये दुःख पोचतं ते आधी लावलेली सवय मोडल्यामुळे. कटसीनमधले (नुसते बघायचे, चित्रपटासारखे प्रसंग) अश्रू त्यावरची सजावट. पटत नसेल तर उदाहरणासकट भांडा.

---

पिक्सेलवाला

सहमत. हीच गोष्ट १९९७ सालीच झाली होती, फायनल फँटसी ७ मध्ये. एरिथ ही तुमच्या चमूतली मुलगी पहिल्या डिस्कच्या शेवटी मरते हे न खेळलेल्यांनाही माहीत असतं. पण तिच्या मरणाला वजन कुठून येतं ते बघा. तिची चौथ्या पातळीची लिमिट (लढाईत मार खाऊन भरत जाणारी खास ताकद), ग्रेट गॉस्पेल, ती जिवंत असतानाच मिळवता येते. त्यासाठी आधीच्या सहाही लिमिट तिला शिकवून झालेल्या हव्यात. मग गुहेत झोपलेल्या माणसाकडून मिथ्रिल घ्यायचं, आणि तो ते देतो केव्हा? तुमच्या एकूण लढायांच्या संख्येचे शेवटचे दोन आकडे सारखे आणि विषम असतील तेव्हा: ११, ३३, ५५ वगैरे. एवढा खटाटोप करून मिळवलेली ताकद काही वेळातच कायमची जाते. गेम कुठेही सांगत नाही की तिच्यावर मेहनत घेऊ नका.

दुसरं म्हणजे संगीत. तिच्या मरणानंतर लगेच बॉसची लढाई आहे, पण लढाईचं नेहमीचं संगीत लागत नाही, तिचीच धून सुरू राहते. शेकडो लढाया एका ठराविक ठेक्यावर खेळल्यामुळे हे वेगळेपण लगेच कानाला लागतं. तुमच्या 'सवय मोडणे'मध्ये हे बसतं, फक्त सवय बोटांऐवजी कानाची आहे.

आता उलट उदाहरण. 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३' (२०२५). सुरुवात लाजवाब आहे: दरवर्षी चित्रकर्ती शिळेवर एक आकडा रंगवते आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन विरून जातात. गुस्ताव ज्या सोफीवर प्रेम करतो, ती त्याच्यासमोर जाते. पहिल्या अंकाच्या शेवटी गुस्ताव स्वतः मरतो, आणि लवकरच व्हर्सो येतो, जो त्याचीच हत्यारं वापरू शकतो. पार्टीतली जागा भरली, तलवारी कामाला लागल्या. कथा शोक करतेय आणि मेनू म्हणतोय, काळजी नको, तुमचं काही बुडालेलं नाही.

---

जॉयस्टिक_जोशी

@पिक्सेलवाला, क्लेअर ऑब्स्क्युरबाबत थोडा वाद घालतो. ती जागा सहज भरली जाणं पुढच्या कथेला धरून आहे. गेमचं सगळं जग म्हणजे एक रंगवलेला कॅनव्हास, तोही एका मेलेल्या मुलाचा, आणि त्याची आई त्यात जाऊन बसलेली, कारण बाहेर तो नाही. व्हर्सो स्वतःच कुणाची तरी रंगवलेली प्रत आहे. म्हणजे 'माणसाच्या जागी त्याच्यासारखा दुसरा ठेवला तर चालेल का?' हाच गेमचा प्रश्न. मेनूनं तो आधीच विचारून ठेवलाय. आता हे मुद्दाम केलंय की हत्यारं पुन्हा बनवायचा खर्च वाचवलाय, ते कळायला मार्ग नाही :)

---

खडूस_समीक्षक

'बटणातून दुःख' या सिद्धांताची सगळ्यात मोठी फजिती अजून कुणी काढली नाही म्हणून काढतो. कॉल ऑफ ड्यूटी: ॲडव्हान्स्ड वॉरफेअर, २०१४. मित्राची अंत्ययात्रा, शवपेटीजवळ जायचं, पडद्यावर सूचना: आदरांजली वाहण्यासाठी एफ दाबा. झालं. आज कुणाचा मोबाईल पडून फुटला तरी खाली लोक 'एफ' टाकतात.

फजिती का झाली? ते बटण आधीच्या गेममध्ये त्या अर्थानं कधी वापरलेलं नाही, नंतरही वापरलं जात नाही. दाबलं नाही तर काही बिघडत नाही, नुसता गेम थांबून राहतो. सूचना तर दार उघडायची असावी अशा थाटात तरंगते. ब्रदर्समध्ये सूचनाच नाही, डावा ट्रिगर आठवावा खेळणाऱ्यानं स्वतः. सूचना दिली असती तर तो सीनही 'एफ'च्याच रांगेत गेला असता.

तेव्हा धाग्याच्या सिद्धांताला एक पुरवणी जोडा: सवय लावल्याशिवाय मोडता येत नाही.

---

निळावंती

चर्चा छान चाललीय. मला दुसरीकडून शिरायचंय: गेमवाले शोकाचं जे मॉडेल वापरतात, तेच मुळात जुनं आहे.

नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले हे टप्पे मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून आले होते. मागे राहिलेल्यांच्या शोकाला ते नंतर चिकटवले गेले. आणि गेमवाल्यांना ते फार आवडतात, कारण पाच टप्पे म्हणजे आयत्या पाच लेव्हल! 'राइम'चे (२०१७) अध्याय या टप्प्यांवरच रचलेत. 'ग्रिस'च्या (२०१८, नोमाडा स्टुडिओ) लपलेल्या ट्रॉफींना हीच नावं आहेत. ग्रिसमध्ये एकेक रंग परत येतो, एकेक ताकद मिळते, आलेख कायम वर. दिसायला अप्रतिम गेम आहे. पण त्यातला मला सगळ्यात खरा वाटतो तो सुरुवातीचा भाग, जिथे बटण दाबलं की नायिका उडी मारत नाही, गुडघ्यांवर कोसळते. कुठलंही दाबा, तेच. नंतर मात्र शोक म्हणजे ताकद मिळवत जाण्याचा प्रवास होऊन बसतो.

शोकावरचं नंतरचं संशोधन वेगळं बोलतं. स्ट्रोबे आणि शुट यांचं १९९९ चं दुहेरी प्रक्रियेचं मॉडेल बघा: माणूस गेलेल्याच्या आठवणी आणि पुढची कामं यांच्यात हेलकावे खात राहतो. सकाळी बिलं भरतो, दुपारी शर्टाचा वास घेऊन बसतो, संध्याकाळी पुन्हा कामाला लागतो. सरळ रेष नाहीच.

हे मॉडेल गेमला जास्त सोयीचं आहे, कारण 'पुढची कामं' हा तर गेमचा हातखंडा. 'स्पिरिटफेअरर'मध्ये (२०२०, थंडर लोटस) ते नेमकं जमलंय. स्टेला बोटीवर आत्म्यांना ठेवून घेते, त्यांच्या आवडीचं रांधते, घरं बांधते, मिठी मारते, मग वेळ आली की एव्हरडोअरपाशी (पलीकडे जायच्या दारापाशी) सोडते. अ‍ॅलिस नावाची साळू हळूहळू विसरत जाते, तिला हाताला धरून डेकवर फिरवावं लागतं. अतुल नावाचा बेडूक तर निरोपही घेत नाही. मोठं जेवण होतं, आणि नंतर तो बोटीवर नसतोच. दारापर्यंत सोडायची सवय लागलेल्या माणसाला हा धक्का केवढा, ते खेळलेल्यांना विचारा.

सगळ्यात धारदार गोष्ट: गेलेल्याच्या घरात एक फूल उगवतं आणि बोट सुधारायला तीच फुलं लागतात. फूल तोडून शिपयार्डात द्यायचं. घर तसंच राहतं, बोटीवर जागा अडवून. नवीन शेत किंवा करवत ठेवायला जागा शोधताना ते घर उचलून बाजूला सरकवावं लागतं. शोक आणि काम एकाच पडद्यावर.

---

पिक्सेलवाला

@निळावंती, फुलांचा मुद्दा लाख मोलाचा. फक्त एक जोड: स्पिरिटफेअरर लांबला की कामं जड होतात. शेवटच्या तासांत बोट जवळजवळ रिकामी, साहित्य गोळा करणं मात्र चालूच. हे हेतुपुरस्सर एकटेपण म्हणावं की सपक डिझाइन, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं.

---

अरभाट

वाचनमात्र होतो, आता प्रश्न विचारतो. समजा गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) छोटा टू-डी गेम करायचाय, दोन-तीन तासांचा. एक साथीदार मध्यावर मरतो. कटसीनला ना बजेट आहे ना अ‍ॅनिमेटर. वर जे म्हटलंय ते प्रत्यक्षात कसं उतरवायचं? कुठे फसतं?

---

सेव्हपॉइंट

@अरभाट, बजेट नाही हे बरंच आहे. क्रमानं सांगतो, प्रतिसाद लांब होईल.

आधी साथीदाराला एक काम द्या. 'गोड बोलतो' हे काम नव्हे. समजा तो कंदील धरतो आणि नायिका दोन्ही हातांनी जड दारं उघडते. मरण्याआधी हे काम निदान तीन वेगवेगळ्या प्रसंगांत वापरायला लावा: एकदा शिकवण्यासाठी, एकदा घाईत, एकदा खेळणाऱ्याला स्वतःहून सुचेल असं. शेवटचा वापर मरणाच्या अगदी थोडं आधी. तो मेल्यावर नायिकेला कंदील जमिनीवर ठेवून दार उघडावं लागतं, आणि आत अंधार. नवीन कोडं बनवायची गरज नाही. जुनंच दार आता अवघड झालंय.

भरपाई लगेच करू नका. निम्म्याहून जास्त गेम इथे माती खातात. मेल्यावर पाच मिनिटांत नवा साथीदार, नवी ताकद किंवा भिंतीवर टांगायचा कंदील दिला की मरण म्हणजे अपग्रेड होतं. दोन-तीन तासांच्या गेममध्ये निदान पंधरा-वीस मिनिटं ती अडचण अंगावर राहू द्या. त्याहून फार लांबवलंत तर चीड येते, आणि चीड आली की खेळणारा मेलेल्याला विसरून तुम्हाला शिव्या घालतो.

साथीदाराला हाक मारायचं बटण चालू ठेवा. मेल्यावर ते दाबलं तर काय व्हावं? काहीच झालं नाही तर प्लेटेस्टमध्ये लोक 'बटण बिघडलंय' असं लिहून देतात. 'नाही' वाला टुक आवाज लावलात तर आणखी वाईट. नायिकेनं मान वळवून तो चालायचा त्या बाजूला बघावं, बस. दोन फ्रेमचं काम आहे, पण गेमनं बटण ऐकलं हे कळतं. तीन-चार वेळांनंतर तेही बंद करा.

कॅमेरा. दोघं चालत असताना चौकट दोघांना मिळून लावलेली असते, म्हणजे नायिका मध्यापासून थोडी बाजूला. तो मेल्यावर सगळे जण कॅमेरा ताबडतोब नायिकेवर मध्यभागी आणतात. आणू नका. कॅमेरा-टू-डीचा ऑफसेट (मध्यापासूनचं सरकलेपण) आहे तसाच ठेवा. पडद्यावर त्याच्याएवढी जागा मोकळी राहते आणि एक पैसाही खर्च होत नाही.

आवाज. त्याच्या पावलांचा आवाज पहिल्यापासून वेगळ्या बसवर (आवाजाच्या स्वतंत्र वाहिनीवर) ठेवा. मेल्यावर फक्त तो बस बंद. लगेच व्हायोलिन सुरू करू नका. ते सुरू झालं की पावलं थांबल्याचं कुणाच्या लक्षात येत नाही. संगीत थरांत बनवलं असेल तर त्याच्या वाद्याचा थर तेवढा काढा, बाकी जसंच्या तसं.

आता तांत्रिक घोळ. गोडोमध्ये मेलेल्याचा नोड (गेममधला त्याचा घटक) क्यू-फ्री करून, म्हणजे पुसून टाकून, मोकळं झालात, की ज्या ज्या स्क्रिप्टनं त्याचा संदर्भ धरून ठेवलाय तिथे 'आधीच मुक्त केलेला' अशी एरर येऊन गेम आपटतो. त्याऐवजी नोड लपवा, टक्कर बंद करा, प्रोसेसिंग बंद करा. दुसरा घोळ जास्त लाजिरवाणा: मेलेला माणूस बोलतो. 'इकडे बघ, गुहा!' असा डायलॉग एखाद्या जुन्या ट्रिगरमध्ये राहून जातो आणि अंत्यविधीनंतर दोन मिनिटांनी वाजतो. त्याचे सगळे डायलॉग पहिल्या दिवसापासून एकाच फंक्शनमधून जाऊ द्या आणि तिथे एकच 'जिवंत' फ्लॅग तपासा. नंतर थेट वाजवलेले आवाज प्रोजेक्टभर शोधून काढा. हमखास दोन-चार सापडतात.

प्रेताला फिजिक्स लावू नका. हात-पाय लटपटले की हसू येतं, आणि खेळणारा त्यावर उडी मारणारच. त्या भागात उडी आणि हल्ला बंद ठेवा, चालणं चालू ठेवा. त्याच्यापासून निघून जाता आलं पाहिजे. खिळवून ठेवलेला खेळणारा दुःखी होत नाही, वाट बघत बसतो.

शेवटचं, ऑटोसेव्ह. मरणाच्या जेमतेम आधी सेव्ह टाकलात तर लोक वीस वेळा रीलोड करून त्याला वाचवायचा प्रयत्न करतील. वाचवता येत नसेल तर तो भ्रम निर्माण होऊ देऊ नका: सेव्ह मरणानंतर ठेवा आणि त्याआधीच्या लढाईत 'मी अजून चपळ असतो तर' असं वाटायला जागा ठेवू नका. हेच खेळांत सगळ्यात सहज निसटतं. मदतीच्या औषधाच्या बाटल्या इन्व्हेंटरीत असतील तर 'ही पाजली का नाही?' हा प्रश्न येणारच, एरिथच्या बाबतीत आजही येतो. बाटल्या आधीच संपतील अशी सोय करा किंवा मरण असं ठेवा की बाटलीचा संबंधच येणार नाही.

---

खडूस_समीक्षक

वरचा प्रतिसाद बुकमार्क करण्यासारखा. रीलोडवर एक दुसरी वाटही आहे. 'अंडरटेल'मध्ये (२०१५) टोरिएल या मायाळू पात्राला मारलंत, सेव्ह न करता बाहेर पडलात, परत येऊन तिला सोडून दिलंत, तरी नंतर फ्लाउई नावाचं बोलणारं फूल तुम्हाला टोमणा मारतं की त्याला सगळं माहीत आहे. फाइल मागे नेली तरी कृत्य पुसलं जात नाही. छोट्या गेमलाही परवडतं हे. सेव्हबाहेर एक वेगळी फाइल ठेवून त्यात एक आकडा लिहायचा, एवढंच काम.

'नियर: ऑटोमाटा'च्या शेवटी कुणा अनोळखी खेळणाऱ्याला मदत पोचवण्यासाठी स्वतःचा सगळा सेव्ह पुसायचा पर्याय येतो. तिथे जाणारी गोष्ट खरीखुरी तुमची असते. मात्र 'हेलब्लेड'सारखी (२०१७) नुसती धमकी देऊ नका. हरत गेलात तर हातावरची कुज डोक्यापर्यंत चढेल आणि सगळी प्रगती जाईल, असं तो गेम सांगतो. प्रत्यक्षात सेव्ह पुसला जात नाही. नायिका सेनुआच्या भीतीशी ते जुळतं म्हणून तिथे चालून गेलं. तुमच्या गेममध्ये अशी थाप पकडली गेली की पुढच्या कुठल्याच मरणावर विश्वास बसणार नाही.

---

निळावंती

@अरभाट, एक गोष्ट कुणी सांगितली नाही. खेळणाऱ्यांपैकी काहींच्या घरात खरंच कुणीतरी नुकतं गेलेलं असणार. सुरुवातीला एका ओळीची सूचना द्या: कशा प्रकारचं मरण आहे (आजार, अपघात, आत्महत्या, मूल), कुणाचं ते सांगायची गरज नाही. तो भाग वगळून पुढे जाता येईल अशी सोय ठेवा आणि वगळल्यावर कथेचा दुवा दोन ओळींत द्या. वगळणाऱ्याची ट्रॉफी काढून घेऊ नका.

'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' (२०१६) रायन आणि एमी ग्रीन यांनी त्यांच्या जोएल या लहान मुलाच्या आजारपणावर केला. त्यात हॉस्पिटलचा एक सीन आहे: मूल रडतंय आणि तुम्ही जे काही कराल त्यानं ते शांत होत नाही. गेमची भाषाच 'योग्य ते केलं की सुटतं' अशी, ती तिथे मोडते. परिणाम जबरदस्त, पण सगळ्यांना तो सोसवेलच असं नाही, म्हणून सूचना हवीच.

कमी खर्चातलं आणखी एक: 'बिफोर युवर आइज' (२०२१). वेबकॅम तुमच्या पापण्या ओळखतो. पडद्यावर मेट्रोनोम दिसला की पापणी लवताच पुढचा प्रसंग, कधी पुढचं वर्ष. आई काहीतरी सांगत असते, वाक्य पुरं ऐकायचं असतं, आणि डोळे चुरचुरायला लागतात. इथे सवयसुद्धा लावावी लागत नाही, शरीर ती घेऊनच येतं.

---

पिक्सेलवाला

लास्ट ऑफ अस राहिलाच की. दुसऱ्या भागातली (२०२०) गिटार हे या धाग्यासाठी बनवलेलं उदाहरण आहे. डाव्या स्टिकनं कॉर्ड निवडायची, टचपॅडवर बोट फिरवून तारा छेडायच्या. गेमभर चार-दोन वेळा वाजवायला मिळते, कामाची काहीच नाही, नुसती जोएलची (एलीला वडिलांसारखा असलेला, मारला गेलेला) आठवण. शेवटी नायिका एलीच्या डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. तीच कॉर्ड निवडता, तसंच छेडता, सूर तुटका येतो.

पण त्याच गेममध्ये उलटंही घडतं. शत्रू मेला की त्याचे साथीदार त्याला नावानं हाका मारतात. पहिल्या काही वेळा अंगावर येतं. पंधरा तासांनंतर ती नावं म्हणजे शत्रू कोणत्या दिशेला आहे याची खूण होऊन जातात. मारल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि मारल्याबद्दल वाईटही वाटून घ्या, हे दोन्ही पंचवीस तास चालत नाही.

---

जॉयस्टिक_जोशी

नावांच्या हाकांबद्दल पूर्ण सहमत.

@अरभाट, सगळ्यात लहान नमुना हवा असेल तर जेसन रोररचा 'पॅसेज' (२००७) बघा. खिडकी १०० बाय १६ पिक्सेल, कालावधी पाच मिनिटं. जोडीदाराला सोबत घेतलं की अरुंद वाटांमध्ये शिरता येत नाही, म्हणजे तिथल्या खजिन्याच्या पेट्या सोडाव्या लागतात. शेवटाकडे ती मरते, थडगं उरतं, आणि तुमचा वेग कमी होतो. वाटा आता मोकळ्या, पण तिथवर पोचायला वेळ उरलेला नाही. एकही शब्द नाही.

---

अरभाट

सगळ्यांचे आभार, बरंच काम मिळालं. @सेव्हपॉइंट, कॅमेऱ्याचा ऑफसेट मग मध्यावर आणायचा कधी? की शेवटपर्यंत तसाच?

---

सेव्हपॉइंट

शेवटपर्यंत ठेवलात तर डाव्या बाजूचे शत्रू उशिरा दिसतील आणि लोक कॅमेऱ्याची तक्रार करतील. साथीदाराशिवाय पहिलं दार ती एकटीनं उघडते तिथवर ठेवा. मग खोली बदलताना पडदा काळा होतो, त्या फेडमध्ये ऑफसेट शून्य करा. चालताना ट्वीननं, म्हणजे हळूहळू, सरकवू नका. अर्ध्या सेकंदाचं सरकणंही डोळ्याला दिसतं आणि मग तो कॅमेऱ्याचा इफेक्ट वाटतो. लढाई असलेली खोली त्या दाराच्या आधी ठेवू नका, म्हणजे तक्रारीचा प्रश्नच येणार नाही. आणि त्या टप्प्यात कॅमेऱ्याच्या मर्यादा लावलेल्या असतील तर तपासून घ्या. ऑफसेट त्या मर्यादांच्या बाहेर जाऊ शकतो, आणि भिंतीजवळ खोलीबाहेरचा भाग दिसायला लागतो.